इमॅजिकाला जायचंय, पण आवाज आणि स्पर्श सोसत नाही: ७ वर्षांच्या मुलासाठी दिवस कसा आखावा?

कोथरूडची_आई

मुलगा ७ वर्षांचा, वजन २२ किलो, उंची ११८ सेंमी. सेन्सरी प्रोसेसिंगची (आवाज, स्पर्श अशा संवेदना मेंदूने हाताळण्याची) अडचण आहे, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) चालू आहे, ऑटिझमचं निदान नाही. मिक्सर, हँड ड्रायर, ढोल, माइकवरची घोषणा यातलं काहीही अचानक आलं की कान दाबून खाली बसतो. ओले कपडे, कॉलरचं लेबल, सनस्क्रीन, गर्दीत लागलेला धक्का सोसत नाही. गोल फिरणं आणि उंचावरून उडी मात्र कितीही चालते, चक्कर म्हणून येत नाही. रांगेत ५-७ मिनिटांपुढे टिकत नाही.

मोठी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंच आहे. आम्ही पुण्याहून गाडीने जाणार, आई-बाबा दोघंही सोबत. दिवस कोणता निवडावा, त्याला कोणत्या राइड झेपतील, रांगेचं काय करायचं, वॉटर पार्क त्याच दिवशी जोडावं का, आणि मध्येच बिघडलं तर काय, हे जाणकारांनी सांगावं. 'नेऊन तर बघा, सवय होईल' हा सल्ला नको, तो घरात भरपूर मिळतो.

---

ओटी_नाशिक

ताई, नेमकी माहिती दिलीत त्यामुळे नेमकं सांगता येईल. सवय होण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. आवाज सोसत नसलेल्या मुलाला दिवसभर आवाजात ठेवलं की सहनशक्ती वाढत नाही, पुढच्या वेळी ते गेटवरूनच मागे फिरतं.

आधी चक्कर न येण्याबद्दल, कारण धोका तिथे जास्त आहे. कानाच्या आत तोलाची जी यंत्रणा असते, तिला पोचलेला भार तुमच्या मुलाला जाणवत नाही. जाणवत नाही म्हणून भार येतच नाही असं मात्र नाही. गोल फिरण्याचा परिणाम सगळ्यात तीव्र आणि तो तासन्‌तास रेंगाळतो. सकाळी कपबशीच्या राइडमध्ये पाच वेळा आनंदाने बसलेलं मूल दुपारी चारला मोजा घालताना आकांत करतं, आणि घरचे म्हणतात 'इतका वेळ तर छान होता'. म्हणून त्याला विचारून ठरवू नका, मोजून ठरवा. गोल फिरणारी राइड सलग दोनदा, मग किमान २० मिनिटं बंद. या काळात अंगाला जोर लागेल असं काम द्या: भिंतीला दोन्ही तळव्यांनी १० आकडे मोजेपर्यंत ढकलणं, बाकावर हात टेकून शरीर वर उचलणं, पाठीवर सॅक घेऊन चालणं. सॅकचं वजन त्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे १ ते २ किलो, पट्टे दोन्ही खांद्यांवर घट्ट. दोन पाण्याच्या बाटल्या टाकल्या की झालं. राइडवर चढताना सॅक काढायचीच, आणि पाण्याजवळ वजनाचं काहीही अंगावर नको.

चेहरा फिका पडणं, कान लाल होणं, घाम, वारंवार जांभया, उचकी, आणि न थांबणारं खदाखदा हसणं ही थांबण्याची चिन्हं आहेत. हसण्याला पालक हमखास फसतात. मूल मजेत आहे असं वाटतं आणि अजून एक फेरी दिली जाते.

दुसरं, पार्कमध्ये मूल राइडवर क्वचित बिघडतं. राइड दोन-तीन मिनिटांची असते, तिला सुरुवात आणि शेवट असतो, कमरेवर पट्ट्याचा घट्ट दाब असतो आणि तो बहुतेक मुलांना शांत करतो. बिघडतं ते रांगेत, जेवणाच्या हॉलमध्ये, स्वच्छतागृहात आणि 'आता इथून तिकडे जायचं' या क्षणी. रांगेत पत्र्याखाली आवाज घुमतो, मागच्याची पिशवी पाठीला लागते, पंख्याचा झोत एकाच कानावर येतो आणि संपणार कधी ते कळत नाही. तुमच्या तयारीचा तीन चतुर्थांश भाग या जागांसाठी ठेवा.

कानांसाठी बाहेरून झाकणारे, पट्टीवाले इअरमफ घ्या. पाकिटावर एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचं माप) २२ ते २७ असा आकडा बघा. गाण्याचे हेडफोन वेगळे, ते चालणार नाहीत. जायच्या तीन आठवडे आधी घरी सुरू करा: रोज १० मिनिटं, आधी शांततेत, मग मिक्सर दुसऱ्या खोलीत चालू असताना. दोन गोष्टी लक्षात असू द्या. डीजेचा आणि ढोलाचा जाड आवाज छातीतून आणि पायातून आत येतो, त्याला इअरमफचा उपयोग अर्धाच, तिथे अंतर हाच उपाय. आणि वेगवान राइडवर सैल वस्तू म्हणून इअरमफ काढायला लावतात, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज असतो तेव्हाच कान उघडे पडतात. ज्या राइडवर ते चालत नाहीत, ती त्याच्या यादीत ठेवूच नका. दिवसभर सलग घालूनही ठेवू नका. शांत जागी आल्यावर काढायचे, नाहीतर उघड्या कानाला साधा आवाजही मोठा वाटू लागतो.

स्पर्शाचा नियम साधा आहे: हलका स्पर्श खुपतो, घट्ट दाब निववतो. सनस्क्रीन घरूनच लावून निघा. बोटांच्या टोकांनी चोपडू नका, पूर्ण तळव्याने दाबून, वरून खाली एकाच दिशेने लावा. तेही नको असेल तर पातळ, पूर्ण बाह्यांचा, जुना धुतलेला टीशर्ट आणि मागे झालर असलेली टोपी. नवे कपडे, नवे बूट त्या दिवशी नकोत.

---

खालापूरकर

ओटी ताईंनी मुलाचं सांगितलं, मी जागेचं सांगतो.

दिवस: शनिवार, रविवार, सुट्ट्या टाळायच्या हे सगळेच सांगतात. खरी फसगत नोव्हेंबर ते जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी होते, कारण तो शाळांच्या सहलींचा हंगाम. एकाच वेळी बसच्या बस रिकाम्या होतात आणि शिट्ट्या, घोषणा, एकसुरात किंचाळणं दिवसभर चालतं. या मुलासाठी रविवारच्या गर्दीपेक्षा ते वाईट. बुकिंगच्या नंबरवर फोन करून थेट विचारा, 'अमुक तारखेला शाळांचे ग्रुप किती आहेत?' बहुतेकदा सांगतात. फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार सगळ्यात बरा, सहली संपलेल्या आणि ऊन अजून चढलेलं नसतं. जून ते सप्टेंबर खोपोलीचा पाऊस जबर, राइड थांबतात, कपडे ओले होतात आणि पत्र्यावर पाऊस वाजतो. तुमच्या मुलाच्या तीन अडचणी एकदम.

रस्ता: पुण्याहून येताना खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. म्हणजे पार्कमध्ये पाऊल टाकण्याआधीच तोलाच्या यंत्रणेवर वळणांचा भार. घाटात मोबाइल-टॅब नको, खिडकीतून लांबचं बघू द्या, नाश्ता कोरडा आणि थोडा. गेट उघडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा आणि त्यातली १५ मिनिटं त्याला पार्किंगमध्ये नुसतं चालू द्या.

गेट: ही पहिली कसोटी, आणि कोणी तिची तयारी करत नाही. बॅग तपासतात, अंगावरून हाताने चाचपतात किंवा यंत्र फिरवतात, मनगटाला पट्टी बांधतात. अनोळखी माणसाचा हलका स्पर्श पहिल्याच मिनिटाला. आई किंवा बाबा पुढे व्हा, सुरक्षारक्षकाला हळू आवाजात सांगा, 'त्याला स्पर्शाचा त्रास होतो, मी त्याचे खिसे उघडून दाखवते, तुम्ही बघा.' बहुतेक जण ऐकतात. पट्टी त्वचेला टोचत असेल तर बाहीवरून किंवा मोज्यावरून बांधायची परवानगी मागा. हा खेळ घरी चार दिवस खेळून घ्या, लाटणं यंत्रासारखं फिरवून, कागदाची पट्टी बांधून.

तिथेच तीन प्रश्न विचारून घ्या: प्रथमोपचार खोली कुठे, बाहेर गाडीपर्यंत जाऊन परत येता येईल का, आणि आज कोणती राइड बंद आहे.

आता राइड. नायट्रो, स्क्रीम मशीन, डीप स्पेस या तुमच्या मुलीच्या. त्याची हौस बघून त्याला या रांगांकडे नेऊ नका. उंचीची अट असते, आणि रांगेत तास काढून शेवटच्या पायरीवर 'नाही' ऐकणं हे त्याच्यासाठी सगळ्यात वाईट वळण. उंची आजच बुटांसह मोजा, पार्कच्या वेबसाइटवरच्या अटीशी ताडून बघा, आणि जिथे एक-दोन सेंमीचा प्रश्न आहे ती राइड यादीतून काढूनच टाका. डीप स्पेस तर पूर्ण अंधारात, एकदम सुटणारी. अंधारात पुढचं वळण दिसत नाही, म्हणजे अंग सावरायला वेळच मिळत नाही.

राजासॉरसची बोट बाहेरून साधी वाटते. आत अंधार, डायनासोरच्या डरकाळ्या आणि शेवटी पाण्यात उतार. अंधार, आवाज, ओले कपडे, तिन्ही एकत्र. तो त्याच्यासाठी नाहीच. सलीमगड हे भुताटकीचं, तेही नको. 'रॅथ ऑफ द गॉड्स' हा आगीचा-पाण्याचा शो आहे, आणि शो चालू असताना मधूनच बाहेर पडणं अवघड. ३६० अंशांचा पडदा असलेला सिनेमा टाळा, डोळे फिरवायला मोकळी दिशाच उरत नाही. अलीबाबामध्ये बंदूक धरून निशाणा लावायचा असतो, हाताला काम मिळतं म्हणून काही मुलांना ती आवडते, पण आवाज भरपूर. आधी यूट्यूबवर त्या राइडचा आतला व्हिडिओ शोधा, एक दिवस आवाज बंद करून, मग हळूहळू वाढवत दाखवा. घरी दिवाणखान्यात तो व्हिडिओ पूर्ण आवाजात सोसला नाही तर तिथेही सोसणार नाही.

त्याला चालतील त्या उघड्यावरच्या, समोर दिसणाऱ्या: कॅरोसेल, कपबशा, लहान मुलांच्या विभागातल्या सौम्य राइड. आय फॉर इंडिया या राइडमध्ये पाय लोंबकळत ठेवून मोठ्या पडद्यासमोर 'उडायचं' असतं. हालचाल संथ आहे, पण पायाखाली आधार नसणं काही मुलांना अजिबात चालत नाही. घरी ओट्यावर पाय लोंबकळत ५ मिनिटं बसवून बघा. अस्वस्थ होऊन काहीतरी टेकायला शोधत असेल तर सोडून द्या.

क्रम उलटा ठेवा. बहुतेक लोक गेट उघडलं की मोठ्या रोलर कोस्टरकडे पळतात, तुम्ही पहिला दीड तास त्याच्या राइड करा, तिथे तेव्हा रांग नसते. जेवण साडेअकरा-पावणेबाराला. एक वाजता जेवणाच्या हॉलमध्ये ताटांचा, खुर्च्या ओढण्याचा आणि तळणाच्या वासाचा जो कल्लोळ असतो, त्यात पाय ठेवू नका. बाहेरचं खाणं न्यायला बहुतेक पार्कांत मनाई असते. त्याचं खाणं मोजकंच असेल तर डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जोडून आठवडाभर आधी ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. गेटवरच्या माणसाला कागद दाखवला की वाद होत नाही.

स्वच्छतागृहात हँड ड्रायर असतोच. कोणी दुसरा हात वाळवत असेल तर बाहेर थांबा, कानाला इअरमफ लावूनच आत, आणि स्वतःचा नॅपकिन. आपोआप फ्लश होणारं भांडं निघालं तर सेन्सरवर चिकटचिठ्ठी लावायची, दहा रुपयांचं पॅड पुरतं.

संध्याकाळची परेड त्याच्यासाठी सोडा. बँड, रोषणाई आणि सगळा पार्क एकाच रस्त्यावर. तीनला निघालात तर घाटही उजेडात चढाल.

---

एडिसनची_मावशी

इथे न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या सेसमी प्लेसला जातात. लँगहॉर्नमधलं हे पार्क एप्रिल २०१८ मध्ये ऑटिझम सेंटर म्हणून प्रमाणित झालं, थीम पार्कांमध्ये जगात पहिलंच. तिथली एक कल्पना तुम्हाला घरबसल्या उचलता येईल. प्रत्येक राइडजवळ एक फलक असतो, त्यावर स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य या पाचही बाबतींत १ ते १० आकडे लिहिलेले असतात. आवाज ८, स्पर्श ३, असं. आई-बाप लांबूनच ठरवतात.

तुम्ही असाच तक्ता वहीच्या पानावर करा. चवीचा रकाना गाळा आणि त्याच्या जागी चार घाला: अंधार, ओलं होणं, गोल फिरणं, रांग आत की बाहेर. तुमच्या मुलाला आवाज ५ पर्यंत आणि ओलं होणं शून्य एवढंच चालत असेल, तर १५ राइडची यादी दहा मिनिटांत ६ वर येते. मुलीचा वेगळा तक्ता करा, तिला तो भरायला द्या. तिच्या राइड कोणत्या आणि तिच्यासोबत कोण, हे आदल्या रात्री कागदावर ठरलेलं असलं की भावासाठी तिला दिवसभर थांबावं लागत नाही. या सगळ्यात भावंडाचं कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

अमेरिकेला येणार असाल तर एवढं: डिस्नेच्या पार्कांत डीएएस नावाची सोय आहे, रांगेबाहेर थांबून दिलेल्या वेळी परत यायची. तिचे नियम २०२४ मध्ये कडक झाले. आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं, मूल त्या कॉलवर हजर लागतं. निदानाचं नाव सांगून भागत नाही, नेहमीच्या रांगेत नेमकं काय होतं ते सांगावं लागतं. युनिव्हर्सलच्या पार्कांसाठी किमान ४८ तास आधी ऑनलाइन ॲक्सेसिबिलिटी कार्ड काढायचं. दोन्हीकडे वाट बघणं टळत नाही, फक्त जागा बदलते.

---

कोथरूडची_आई

खूप उपयोगी. तीन शंका. रांगेसाठी भारतात अशी काही सोय मागता येते का, त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं का? वॉटर पार्क जोडायचं की नाही, हे कोणी स्पष्ट सांगितलं नाही. आणि बिघडलं तर नेमकं काय करायचं, पायरी पायरीने?

---

कायदा_आणि_कागद

कार्डाबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ऑटिझम त्यात आहे. नुसती सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण हा वेगळा प्रकार त्यात नाही, त्यामुळे दुसरं निदान नसताना फक्त तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या खेपा घालू नका.

त्याऐवजी तुमच्या बालविकासतज्ज्ञांकडून किंवा ओटीकडून लेटरहेडवर एक परिच्छेद घ्या, इंग्रजीत. त्यात अडचणीचं वर्णन कमी आणि गरज स्पष्ट हवी: 'हा मुलगा गर्दीच्या बंदिस्त रांगेत ५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. त्याला बाहेर थांबू द्यावं आणि पालकाचा नंबर आल्यावर आत घ्यावं.' हे पत्र ग्राहकसेवेला आठवडाभर आधी पाठवा आणि उत्तरात नाव-हुद्दा येऊ द्या. मागणी 'रांग टाळू द्या' अशी केली तर नकार येतो. 'एक पालक रांगेत उभा राहील, मूल शेवटी येईल' हे मान्य करायला कोणाला काही सोडावं लागत नाही.

तरी मागचे लोक कुरकुरतात. म्हणून दोन गोष्टी: रांगेत शिरतानाच मागच्या कुटुंबाला सांगून ठेवा, 'माझा मुलगा आणि त्याची आई शेवटी येतील, त्याला गर्दीचा त्रास होतो.' आधी सांगितलेलं लोक मानतात, ऐनवेळी घुसलेलं मानत नाहीत. आणि राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी विचारा, काही रांगांची रचना अशी असते की मधून आत येताच येत नाही. एक्सप्रेस तिकीट (जादा पैसे भरून छोट्या रांगेचं) परवडत असेल तर चौघांचं घेऊ नका. जो पालक मुलासोबत असेल त्याचं आणि मुलाचं, एवढं पुरतं.

---

ओटी_नाशिक

वॉटर पार्क त्याच दिवशी नाही. स्पष्ट सांगते. ओले कपडे सोसत नसलेल्या मुलाला वॉटर पार्क हा वेगळ्या दिवसाचा आणि वेगळ्या तयारीचा विषय आहे. आपल्याकडच्या वॉटर पार्कांत सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख सक्तीचा असतो. तो अंगाला चिकटतो, शिवणी टोचतात, कमरेचं इलॅस्टिक ओलं झालं की आणखी आवळतं. भाड्याच्या पोशाखाला क्लोरीनचा आणि साबणाचा वास असतो. कधी न्यायचंच झालं तर स्वतःचा घ्या, एक माप मोठा, चार-पाच वेळा धुऊन मऊ करा, लेबल कापू नका तर उसवा, कारण कापल्यावर उरलेली कड जास्त टोचते. दोन आठवडे घरी आंघोळीला तोच घाला. पायात मऊ ॲक्वा शूज, कारण तिथली जमीन खरखरीत आणि तापलेली असते. वेव्ह पूलमध्ये लाटांच्या आधी भोंगा वाजतो आणि रेन डान्सला डीजे असतो, त्या दोन्ही जागांपासून लांबचा कोपरा.

आता बिघडल्यावर. आधी, न बिघडू देण्यासाठी विश्रांती घड्याळावर लावा. दर ४५ मिनिटांनी १५ मिनिटं, तो मजेत असला तरी. त्याने मागायची वाट बघाल तर उशीर झालेला असेल. गळ्यात कार्डांची माळ ठेवा: राइड, विश्रांती, राइड, जेवण, असं चित्रांत. एक कार्ड 'बंद आहे' असं जरूर करा. तांत्रिक कारणाने राइड थांबणं रोजचं आहे, आणि घरी त्या कार्डाचा खेळ झालेला असला की ते दार बंद दिसल्यावर आभाळ कोसळत नाही.

विश्रांतीत तोंडालाही काम द्या. चिक्की, खारीक, किंवा बारीक स्ट्रॉने घट्ट लस्सी. जोर लावून चावणं आणि ओढणं मज्जासंस्थेला शांत करतं. पातळ सरबताने हे होत नाही. लस्सीची स्ट्रॉ जितकी अरुंद तितकं काम जास्त, पण गाल आत जाऊन चेहरा लाल होईपर्यंत नको.

तरीही बिघडलंच तर दोघा पालकांची कामं आधीच वाटलेली हवीत. एकाने मुलाजवळ, दुसऱ्याने लोक आणि सामान. मुलाजवळच्याने खाली बसायचं, त्याची पाठ आपल्या छातीकडे, तोंड गर्दीच्या विरुद्ध. बोलणं बंद. 'काय झालं, सांग ना, शांत हो' यातला प्रत्येक शब्द त्या क्षणी आणखी एक आवाज असतो. कान झाकायचे, टोपी पुढे ओढायची. त्याला घट्ट मिठी आवडत असेल तरच द्यायची, सलग आणि स्थिर. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही. तोंडावर पाणी मारायचं नाही, आणि कोणी काकू प्रेमाने पुढे आल्याच तर दुसऱ्या पालकाने त्यांना हसून थोपवायचं. श्वास संथ झाला आणि त्याने स्वतःहून इकडेतिकडे बघितलं की उठायचं, आणि सरळ गाडीत. गाडी सावलीत, एसी आधी चालू करून, मागच्या काचांना पडदे, त्याचं नेहमीचं पांघरूण, आणि एक मोठं माणूस सतत सोबत. पूर्ण सावरायला २० ते ४० मिनिटं लागतात. हा हट्ट नसतो, त्यामुळे इथे शिक्षाही नाही आणि लालूचही नाही.

नंतर तो म्हणेल, 'चल, परत कपबशीत बसू.' त्या दिवशी नाही. एकदा भरून वाहिलेलं भांडं काठोकाठच असतं, पुढचा थेंब लगेच सांडतो. मुलीसोबत एक पालक थांबेल, दुसरा त्याला घेऊन गाडीत, ही वाटणी आधीच ठरवा.

---

खालापूरकर

सुरक्षेचं राहिलं. असं मूल आवाजापासून पळतं, आणि पळताना हाक ऐकत नाही. सकाळी पार्किंगमध्येच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढून ठेवा. टीशर्ट भडक, पोपटी किंवा नारिंगी. फोन नंबर दंडावर बॉलपेनने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावतात, पण तुमच्या मुलाला ती टोचेल, तेव्हा टीशर्टच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा आणि बुटाच्या जिभेखालीही. हरवला तर पहिला पालक गेटकडे, दुसरा शेवटच्या आवाजाच्या विरुद्ध दिशेला. आवाजाकडे जाणार नाही, हे नक्की धरून शोधा.

---

कोथरूडची_आई

फेब्रुवारीतला बुधवार धरते आहे, फोन करून शाळांचं विचारते. आधी सरावाला जवळची जत्रा कशी राहील? पाळणे, कपबशा सगळं असतं.

---

ओटी_नाशिक

जत्रा नको. तिथला कर्णा, जनरेटर आणि गर्दी पार्कपेक्षा जास्त, बाहेर पडायची वाट अरुंद आणि पाळण्यावरचे पट्टेही भरवशाचे नसतात. मॉलमधलं प्ले झोन घ्या, मधल्या वारी, उघडल्या उघडल्या, ४० मिनिटं. इअरमफ, कार्डांची माळ, सॅक आणि 'बंद आहे'चं कार्ड हे चारही तिथे वापरून बघा. पट्ट्याचा सराव घरी: खुर्चीत बसवून मांडीवर गुंडाळलेली गोधडी घट्ट दाबायची, 'टक्' असा आवाज करायचा, आधी १० आकडे, मग ६०, मग ३ मिनिटं. ३ मिनिटं आरामात बसला की पट्ट्याची काळजी नको.

आणि गुरुवारची शाळा आत्ताच सोडून द्या. दुसऱ्या दिवशी झोप उशिरापर्यंत, जेवण नेहमीचं, पाहुणे नाहीत, टीव्ही कमी. भार उतरायला तो दिवस लागतो. शाळेत पाठवलात तर दुपारी फोन येईल.

---

कोथरूडची_आई

गुरुवारची रजा आजच टाकते. तक्ता भरून झाला की इथे टाकेन, कुठली राइड चुकीची धरली असेल तर सांगा.

---

खालापूरकर

टाका. फक्त जायच्या आदल्या दिवशी वेबसाइटवर चालू-बंद राइडची यादी परत बघा, दुरुस्तीसाठी एखादी आठवडाभरही बंद असते. त्याच्या सहापैकी दोन बंद निघाल्या तर तारीख पुढे ढकललेली बरी.